कळवण्यास आनंद होतो की

नोव्हेंबर लागला की मी कार्डं छापून घेते
मस्तगडच्या प्रेसमधून, पिवळी, जाड:
नाव, बॅच, सध्या काय करता,
आणि खाली चार रेघा, आपली बातमी.
चार रेघांत माणूस मावतो
असं आमच्या मिशन कॉलेजच्या
प्रत्येक प्राचार्याचं मत असतं.
तेवीस वर्षं मी त्या रेघा टाइप करते आहे.

शामुवेल मकासरे बियाण्यांच्या कंपनीत, इथंच, जालन्यात.
सरकीच्या पाकिटासोबत गिऱ्हाइकाला
पेरणाऱ्याचा दाखला सांगतो:
खडकावर पडलेलं, काट्यांत पडलेलं.
"साहेबांची हरकत नाही.
फक्त शंभरपट म्हणू नको म्हणाले,
कुणीतरी ग्राहक मंचात जाईल."

रेव्हरंड दुशिंग, भोकरदन. रेघ कधी ओलांडत नाहीत.
मंडळी सोळा घरं. मागल्या साली सतरा.
छप्पर अर्धं झालं.
उरलेल्या अर्ध्यासाठी प्रार्थना करावी
आणि जमल्यास पत्रे पाठवावेत.
(टिनाचे. कंस त्यांचाच.)

सुवार्ता खंडागळे,
नावातच बातमी असलेली पोरगी, कधी काही कळवत नाही.
तिची आई येते बदनापूरहून एसटीनं,
पिशवीत मोसंब्या.
मस्कतला आहे. रात्रपाळी. फोनवर नुसती जांभया देते.
"एवढंच लिहा," म्हणते
आणि मग तासभर उठत नाही.
मी मोसंबी सोलत ऐकते.
सालं कचऱ्यात टाकते, बाकीचं
कुठं टाकायचं कळत नाही.

दमयंती त्रिभुवनने लिहिलं:
मी आता चर्चला जात नाही. हे छापा.
प्राचार्यांनी तांबड्या शाईनं आडवी रेघ मारली.
मी तिथं टाइप केलं, प्रकृती उत्तम.
खोटं नव्हतं. अक्षर तरी ठणठणीत होतं.

अनिलकुमार बोर्डेचं कार्ड कोरंच परत आलं.
कोपऱ्यात पोस्टमनचं, बॉलपेनचं:
मालक मयत सबब परत.
कुणाची बातमी इतक्या कमी जागेत बसली नव्हती.

आणि हे एक, जे मी पाठवलंच नव्हतं.
लग्नपत्रिकेच्या मागल्या बाजूला
पट्टीनं आखलेल्या चार रेघा, आमच्यासारख्याच.
योनाथान पगारे, बॅच चौऱ्याण्णव.
ग्रीकमध्ये तीनदा गेला. पदवी नाही.
माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
शब्दरूपं पुटपुटायचा, चुकीची, भक्तिभावानं.

"टँकर चालवायलो. दर बुधवारी
कॉलेजची टाकी मीच भरतो.
खालीच थांबतो. वर यायला लाज वाटते.
छापलं नाही तरी चालंल."

बुधवारी हॉर्न वाजतो, मी वरूनच पावती देते
शिपायाच्या हाती. किती बुधवार झाले?
ज्या पाण्याचा चहा पिऊन
मी त्याचं नाव यादीतून वगळत आले.

नियम असा की फक्त पदवीधर.
नियमाचा कागद माझ्याच टेबलाच्या काचेखाली आहे,
त्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ.
मी टाइप केलं. पगारे, योनाथान. चौऱ्याण्णव.
सध्या: पाणी.
प्राचार्यांची तांबडी शाई अजून यायची आहे.

माझंही एक कार्ड असतं ढिगाच्या तळाशी.
बॅच तीच. चार रेघा.
दरवर्षी वाटतं, लिहू काहीतरी, मग अंक छापायला जातो.

आज बुधवार.
हॉर्न वाजला तेव्हा शिपाई समोरच उभा होता, हात पुढं करून.
मी म्हटलं, असू दे.
बावीस पायऱ्या आहेत, गुडघा दुखतो,
आणि खाली टाकीत पाणी पडतंय,
नुसता आवाज, त्याच्यामागं कुणीतरी
काहीतरी पुटपुटल्यासारखं.